पंचवीस, बावन्न आणि आमच्या घरातली पाचवी भाषा

परवा सोसायटीच्या बाकावर एका मैत्रिणीनं विचारलं की तुम्ही होमस्कूलिंगसाठी कुठला करिक्युलम घेतलाय आणि एवढ्या लहान पोरांना जर्मन कशाला. तिथे उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नव्हतंच, म्हणून इथे लिहितेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

मुळात आम्ही ठरवून यात पडलो नाही. लेक जून २०१७ च्या शेवटच्या आठवड्यातली. २०२३ पासून गुजरातमध्ये १ जूनला सहा वर्षं पूर्ण असतील तरच पहिलीत प्रवेश असा नियम लागू झाला, आणि तिला साडेतीन आठवडे कमी पडले. सिनियर केजी झालेलं, अक्षरं लावून वाचायला लागलेली, आणि आता परत एक वर्ष बालवाटिकेत तेच. काही पालक हायकोर्टात गेले, याचिका फेटाळल्या गेल्या. नियम मला चुकीचा वाटत नाही, सहा वर्षांच्या आत पोराला पहिलीत ढकलू नये हे मलाही पटतं, पण तेच तेच गिरवायला तिला वर्षभर बसवायचं माझ्या जिवावर आलं. एक वर्ष घरी ठेवू म्हटलं. आता तिसरं वर्ष चालू आहे.

घरात पहिला विरोध बाबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. त्यांचा जन्म दांडिया बाजारातला, हाडाचे बडोदेकर. म्हणाले, "अगं, ज्या बडोद्यात महाराजांनी पोर शाळेत न घालणाऱ्या आईबापांना दंड केला, त्या बडोद्यात तू पोरीला घरी बसवणार?" आणि ते खरंच आहे. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण करून बघितलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात लागू केलं. देशाला असा कायदा यायला २०१० उजाडलं. मी म्हटलं, बाबा, पण महाराज स्वतः कुठे शाळेत शिकले लहानपणी? दत्तक घ्यायला कवळाणे गावाहून आणलं तेव्हा बारा वर्षांचे होते, अक्षरओळख नव्हती, सगळं शिक्षण इथे राजवाड्यात झालं, आणि तेही मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषांतून. बाबा जरा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "त्यांना एलियटसाहेब होते शिकवायला. तुझ्या पोरीला कोण आहे?"

हा प्रश्न मी विसरले नाही. करिक्युलम कुठला हा प्रश्न नंतरचा, आधी घरात कोण काय शिकवू शकतं ते बघायचं, हे मला त्या दिवशी कळलं. मराठी बाबांनीच घेतली. गणित माझं. गुजराती बाजूच्या घरातल्या बांकडे, त्या निवृत्त शिक्षिका आहेत आणि मुलांना गुजरातीशिवाय दुसरं काही बोलतच नाहीत. नवऱ्याकडे रविवारचं विज्ञान आणि सायकल.

कायद्याचं सगळेच विचारतात म्हणून थोडक्यात. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्काच्या कायद्याच्या कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षा त्यात लिहिलेली नाही, म्हणून होमस्कूलिंग करणारी घरं त्या मधल्या जागेत आहेत. पुढे परीक्षेची वाट आहे ती एनआयओएसची, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयाची. तिथे ओबीई, म्हणजे मुक्त मूलभूत शिक्षण, म्हणून ए, बी, सी अशा तीन लेव्हल आहेत, त्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या, आणि दहावीला वयाची किमान १४ वर्षं लागतात. म्हणजे परत शाळेत जायचं असो की सरळ दहावी द्यायची असो, दोन्ही दारं उघडी राहतात, आणि ती उघडी ठेवायची असतील तर कोणत्या इयत्तेत साधारण काय येतं इकडे लक्ष ठेवावंच लागतं.

आता करिक्युलम. मी पहिल्यांदा एक अमेरिकन पेटीबंद करिक्युलम मागवला, वर्षाचं सगळं त्यात, रोजचं पान ठरलेलं. दिसायला सुंदर होता, आणि मला तेव्हा कोणीतरी रोज सकाळी काय करायचं ते सांगायला हवंच होतं. पण ऑक्टोबरच्या पानांत झाडांची पानं लाल पिवळी होऊन गळत होती आणि इथे आमच्याकडे नवरात्रातलं ऊन, पोरगी चणिया चोळी घालून घामाघूम. गणितात नाणी आली, तर निकेल पाच सेंटचं, डाइम दहाचं, क्वार्टर पंचवीसचं, आणि डाइम निकेलपेक्षा आकारानं लहान असूनही किमतीनं दुप्पट, हे सगळं तिनं पाठ केलं. त्याच आठवड्यात खाली भाजीवाल्याला वीसची नोट देऊन परत किती यायला हवेत ते तिला सांगता येईना. त्या दिवशी ते बंद केलं. करिक्युलम वाईट नव्हता, तो दुसऱ्या मुलासाठी लिहिलेला होता.

मग जे उरलं ते फुकट आणि इथलंच. मराठीला बालभारतीची पुस्तकं, पीडीएफ उतरवून प्रिंट काढून स्पायरल केलेली. गणिताला एनसीईआरटीची २०२३ मध्ये आलेली पहिली दुसरीची नवीन पुस्तकं आणि त्यांच्या पुढची, पण पान नंबर एक ते शेवट असं नाही. सिंगापूरची पद्धत म्हणून हल्ली जी खूप ऐकू येते तिचा गाभा मला पटला, आधी हातात वस्तू, मग चित्र, मग आकडा. त्यासाठी सिंगापूरची पुस्तकं घ्यावी लागत नाहीत, चिंचोके, आइस्क्रीमच्या काड्या, रबरबँड आणि दहा दहा मण्यांचे रंग बदलत ओवलेली शंभर मण्यांची माळ एवढ्यावर आमची दोन वर्षं झाली. दर शनिवारी मांडवीची सेंट्रल लायब्ररी. महाराजांनी अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून १९१० मध्ये हे ग्रंथालयाचं काम उभं केलं, आणि एका छताखाली मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी पुस्तकं आजही मिळतात. आमच्यासारख्या घराला याहून चांगलं काय हवं.

धाकट्याला, तो साडेचार वर्षांचा, काहीही करिक्युलम नाही. तो चिंचोके खेळतो आणि गोष्टी ऐकतो. त्याच्याबद्दल इतकंच.

मला खरं सांगायचंय ते भाषांचं. बडोद्यातल्या मराठी घरात मूल काय ऐकतं बघा. घरात मराठी, खाली खेळताना गुजराती, टीव्हीवर हिंदी, पुस्तकात इंग्रजी. आमची लेक "आई, दूध ढोळलं" म्हणायची, सांडलं नाही, ढोळलं. मला त्याचं वाईट वाटत नाही, चार पिढ्या इथे राहिलेल्या घराची मराठी तशीच असणार. पण लिपीची गंमत नव्हे तर खरी अडचण झाली. गुजरातीत वरची रेघ नाही. ग, म, न, व ही अक्षरं जवळजवळ तशीच, पण क, ख, ज, भ वेगळे. आणि गुजरातीतला पाचाचा आकडा हुबेहूब प सारखा दिसतो. दोन्ही लिप्या एकाच महिन्यात सुरू केल्या होत्या आम्ही. एके दिवशी बसच्या पाटीवरचा ५ तिनं "प" वाचला, आणि मराठीच्या वहीत सगळं पान रेघेविना लिहून आणलं. बांनीच सांगितलं, "बेन, एक वखते एक." मग आधी देवनागरी पक्की केली, आठ महिने, गुजराती फक्त बोलायची. त्यानंतर गुजराती वाचायला तिला पाच आठवडे पुरले.

या सगळ्यावर जर्मन. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, लगेच म्हण ऐकवली, घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. परदेशी भाषा कुठली यावर मला सगळ्यांनी सल्ले दिले. कोणी फ्रेंच म्हणालं कारण शाळांत चालते, कोणी जपानी म्हणालं कारण नोकऱ्या आहेत, एका क्लासवाल्यांनी तर फोनवर मला घाबरवलंच की सात वर्षांच्या आत सुरू केली नाही तर दार बंद. मी चार रात्री झोपले नाही. मग वाचायला लागले.

दार बंद होतं हे काही अंशी खरं आहे, पण कुठलं दार? १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी इंग्रजी घरातल्या तान्ह्या बाळांना आपले त आणि ट ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना दोन्हीतला फरक कळत होता, आणि वर्ष भरायच्या आतच तो कळेनासा व्हायला लागला. म्हणजे कानाची घाई असेलच तर ती पाळण्यातली. आणि दुसरीकडे कॅथरीन स्नो आणि मारियान हूफनागेल-होले यांनी १९७८ मध्ये हॉलंडमध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषिकांना डच शिकताना पाहिलं, तर पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात भराभर शिकले ते १२ ते १५ वर्षांचे, तीन ते पाच वर्षांची पोरं सगळ्यात मागे. लहान मुलांना वेळ खूप मिळाला, रोज ती भाषा भोवती असली, तर ती पुढे जातात, पण आठवड्याला एक तास क्लास लावून सहाव्या वर्षी काही जादू होत नाही. हे कळल्यावर मी त्या क्लासला नाही म्हटलं. जर्मनच्या गोएथे संस्थेची मुलांसाठीची ए-वन, म्हणजे पहिल्या पायरीची परीक्षासुद्धा दहा वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी असते, मग माझी कसली घाई.

तरी जर्मन का, तर माणूस आहे म्हणून. माझी नणंद स्टुटगार्टला असते, तिची मुलगी माझ्या लेकीएवढी. तिला मराठी कळते, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. दोघी बहिणी व्हिडिओ कॉलवर एकमेकींना बाहुल्या दाखवत बसायच्या, बोलणं काही नाही. लेकीनंच विचारलं, तिच्याशी काय बोलायचं असतं गं? माझ्या मते हे एकच कारण पुरेसं आहे. भाषा निवडताना पुढच्या नोकरीचा विचार सहा वर्षांच्या पोरासाठी करू नका, पोरानं ती कोणाशी बोलायची ते आधी बघा. कोणी नसेल तर थांबा, किंवा आहे त्या चारातलीच एक नीट करा. (ताईंना, म्हणजे या नणंदेला, आमचं होमस्कूलिंग ऐकून धक्काच बसला होता, जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे आणि घरी शिकवायला परवानगीच नाही, त्यांना वाटलं आम्हाला कोणी धरून नेईल.)

सुरुवातीला मी चूक केली. जर्मन वाचन आणि इंग्रजी वाचन एकदम घेतलं, अक्षरं तीच म्हटल्यावर काय वेगळं पडणार असं वाटलं. दोन आठवड्यांत लेक इंग्रजी जॅमला "याम" वाचायला लागली, कारण जर्मनमध्ये त्या अक्षराचा य होतो, आणि इंग्रजीतला वॉटर, जर्मन डब्ल्यूचा उच्चार आपल्या व्हीसारखा, म्हणून व्हॉटर. जे बसच्या पाटीवरच्या पाचाचं झालं होतं तेच परत. मग जर्मन वाचन वर्षभर बंद, फक्त कान आणि तोंड. रोज वीस मिनिटं, त्यात गाणी, स्वयंपाकघरातल्या वस्तू, आणि बुधवारी आत्याचा फोन. मी स्वतः ऑनलाइन ए-वन केलं, कारण घरात कोणीतरी एक धडा पुढे असायला लागतं.

आणि मग जे झालं त्यासाठी हे सगळं लिहितेय. मराठी तिला जर्मनमध्ये मदत करायला लागली. दहाला जर्मनमध्ये त्सेन म्हणतात, दाताला त्सान. हा त्स इंग्रजी बोलणाऱ्यांना शब्दाच्या सुरुवातीला जड जातो, ते नुसता झ किंवा स करतात. आपल्या चाक, चूल, पाच मधला दंततालव्य च तोच आहे की! पण आमच्या लेकीचा तोच च गुजरातीच्या संगतीनं पातळ झालेला, ती पाच म्हणताना चहातला च काढायची. बाबांनी तिला "चुलीतला च काढ" म्हणून बसवलं, आणि त्सेन आला, आणि त्याबरोबर पाचही परत आला. बाबा इतके खूश झाले की त्या दिवसापासून जर्मनच्या वीस मिनिटांना ते शेजारी बसतात.

लिंगाचंही तसंच. जर्मनमध्ये प्रत्येक वस्तूला डेअर, दी, दास, म्हणजे तो, ती, ते. इंग्रजी मुलाला हे समजावताना घाम फुटत असेल, आपल्या पोराला एका वाक्यात कळतं, मराठीतही तीन, गुजरातीतही तीन. जुळत मात्र नाहीत. जेवणाच्या टेबलावर तिनं मांडून ठेवलं होतं, चमचा तो आणि जर्मनमध्येही तो. काटा आपल्याकडे तो, त्यांच्याकडे ती. सुरी आपल्याकडे ती, त्यांच्याकडे ते. सूर्य तो, त्यांच्याकडे ती. यावर तिचा विश्वासच बसेना, दोनदा आत्याला विचारून खात्री केली.

आणि आकडे. गेल्या वर्षी ती पंचवीस ऐकलं की ५२ लिहायची. सांगितलं तर रडायची, कारण तिला ऐकू येतं ते आधी पाच आणि मग वीस. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वीस पाच, साठ तीन असं वाचायला दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, मीसुद्धा रागावले होते की आपली मराठी बिघडवतायत. लेकीच्या वहीतले बावन्न बघितल्यावर ते पुस्तक करणाऱ्या मंगला नारळीकरांच्या गणित समितीला काय दिसलं असेल ते मला दिसलं. तरी मी शब्द बदलले नाहीत, पंचवीस हा शब्द मला प्रिय आहे. हात बदलला. दहा दहा काड्यांचे दोन जुडगे डावीकडे, पाच सुट्या उजवीकडे. मग कार्डं, वीसच्या कार्डावरच्या शून्यावर पाचाचं छोटं कार्ड ठेवायचं. तोंडानं पंचवीस म्हणायचं आणि हातानं वीस आधी मांडायचं. तीन आठवडे रोज दहा मिनिटं, बाकी गणित बंद.

त्याच दिवसांत एका बुधवारी स्टुटगार्टची बहीण कॉलवर तिचा होमवर्क करत होती. तोंडानं म्हणत होती फ्युन्फ उंड त्स्वान्त्सिग, पाच आणि वीस, आणि पेन्सिलीनं तिनं चौकटीत आधी उजवीकडे ५ लिहिला आणि मग डावीकडे जागा सोडली होती तिथे २. माझी लेक स्क्रीनला नाक लावून बघत होती. ओरडलीच, "आई, ती पण पाच आधी लिहिते!" मग दोघींनी अर्धा तास एकमेकींना आकडे सांगितले, एकीनं मराठीत, एकीनं जर्मनमध्ये, आणि दोघींनी काड्या मांडल्या, तिकडे आइस्क्रीमच्या नव्हत्या म्हणून रंगीत पेन्सिली. जर्मनीतही त्स्वान्त्सिग आइन्स, म्हणजे वीस एक, असं म्हणा म्हणणारी एक संस्था आहे हे मी नंतर वाचलं. आईंनी हे सगळं ऐकून फ्रेंचचं विचारलं, मी सांगितलं की त्यांच्यात ऐंशीला चार वीस म्हणतात, तर त्या म्हणाल्या, मग काय नवल, माझी आजी आंबे चार विसा असेच मोजायची.

आता यंदा काय चाललंय तर एनसीईआरटीचं तिसरीचं गणित, बाबांची मराठी, गुजरातीत छोटी गोष्टीची पुस्तकं, आणि जानेवारीपासून जर्मन वाचन परत हळूहळू. इंग्रजी वाचन पक्कं झाल्याशिवाय ते सुरू करणार नाही म्हटलं होतं, ते झालंय. डिसेंबरात नाताळच्या सुट्टीत बहीण येणार आहे, म्हणून लेकीनं घरभर चिठ्ठ्या लावायला घेतल्यात, डेअरला निळी, दीला लाल, दासला हिरवी, वर मराठी शब्द आणि खाली जर्मन. दार, खिडकी, पंखा, फ्रीज झालं. काल ती स्वयंपाकघराच्या ओट्याखाली आईंच्या पाट्यावरवंट्यापाशी तिन्ही रंगांचे कागद घेऊन बसली होती. वर पाटा वरवंटा लिहून झालं होतं. आत्याला फोन लावला, आत्या म्हणाली, थांब गं, मला विचार करू दे, याला इथे काही म्हणत असतील असं वाटत नाही. मग लेकीनं तिन्ही कागद एकाखाली एक चिकटवले आणि म्हणाली, ती आली की आम्ही दोघी ठरवू.